सकाळी उघडलेलं कपाट

चैत्र लागला की अमरावतीत कूलर माळ्यावरून, गच्चीवरून खाली उतरतात. आमच्या विभागाच्या व्हरांड्यातही गेल्या सोमवारी चार उतरले. मागच्या वर्षीचं काळं पडलेलं गवत काढलं, नवं भरलं, पंख्यात तेल सोडलं, एका टाकीतून वाळून कोळ झालेली पाल निघाली ती काठीनं लोटून दिली, आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर ओल्या वाळ्याचा वास पसरला. लोकांना या वासानं हायसं वाटतं. उन्हातून आलेला माणूस दारातच थांबतो, डोळे मिटतो, शर्टाची कॉलर मागं ओढतो. मी मात्र हातातलं काम टाकून प्रयोगशाळेत जाते आणि कपाट बंद आहे का ते पाहते. बंदच असतं. तरी मूठ धरून एकदा ओढून बघते.

विद्यार्थी मला पाठीमागं 'शंकासुरी' म्हणतात. हे मला कोणी सांगितलं नाही. शंका आली म्हणून एकाला समोर बसवून विचारलं, तर त्यानं घाबरून कबूल केलं. नाव वाईट नाही. एखाद्या मुलानं पाच तुकडे तोडून पाच आकडे आणले आणि ते पाची एकमेकांना चिकटून बसलेले असले, तर मी त्याला म्हणते, बाळा, सख्खे भाऊसुद्धा इतके सारखे नसतात, परत मोज. फार चांगला आकडा आला तरी परत मोज, फार वाईट आला तरी परत मोज. दूधवाल्यापासून तापमापकापर्यंत मी कोणालाच एका दमात खरं मानत नाही. पदार्थांच्या ताकदीचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हा स्वभाव शोभून दिसतो. त्याचं कौतुकही होतं. माणसांच्या बाबतीत तो काय करतो, ते मला एका उन्हाळ्यानं शिकवलं, आणि दर वर्षी वाळ्याचा वास आला की तो उन्हाळा माझ्या टेबलासमोरची खुर्ची ओढून बसतो.

शंका माझ्याकडं आईकडून आली. आमचं घर अकोल्यात, जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं. धंदा पिढीजात भाजीचा. गावाबाहेर थोडा मळा होता, त्यात वांगी, भेंडी, पालक, कडेनं झेंडू. आई स्वतः पिकवायची, स्वतः बाजारात बसायची, आणि स्वतःच्या हातानं पिकवलेल्या मालावरही तिचा भरवसा नसायचा. वांगं दाबून बघायची. काकडीचं देठ चाखायची. भेंडी घेतली की आधी तिचं टोक मोडायची. कट्‌कन तुटलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. मी शेजारी गोणपाटावर बसून गणितं सोडवायची आणि टोकं मोडण्याचं कामही करायची. "नुसतं पाहून काय समजते बाई?" आई म्हणायची. "माल काई तोंडानं बोलत नाई. मोडून पाहा लागते."

पुढं अमरावतीला इंजिनिअरिंगला आले, आणि दुसऱ्या वर्षी त्या भल्यामोठ्या यंत्रासमोर उभी राहिले जे पोलादाची सळई दोन्ही टोकांनी धरून ओढतं. सळई बराच वेळ काहीच करत नाही. मग एका जागी तिची मान बारीक होऊ लागते, आणि अचानक गोळी सुटल्यासारखा आवाज होतो. आमच्यातल्या दोन मुली किंचाळल्या. सरांनी तुटलेली दोन टोकं हातात दिली, ती कोमट होती. एक वाटीसारखं खोलगट, दुसरं त्यात बसेल असं निमुळतं. ही तुटण्याची खूण वाचायची असते, सर म्हणाले, धातू कसा होता ते इथं लिहिलेलं असतं. वर्गात सगळ्यांना ते फार अवघड वाटलं. मला मात्र गोणपाटावर बसल्यासारखं वाटलं. आई काय करत होती ते मला त्या दिवशी कळलं, आणि मी याच विषयात पुढं जायचं ठरवलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "लोखंड मोडाले शिकून राह्यली काय? मोडाचं काम तं घरीबी होतं."

नागपूरला पदव्युत्तर शिक्षण झालं आणि संशोधनासाठी मी परत अमरावतीला आले. विषय माझा मीच निवडला होता. कापूस वेचून झाला की वऱ्हाडातल्या शेताशेतांत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटून कडेच्या धुऱ्यावर ढीग लावतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या तिथंच पेटवून देतात. त्या पऱ्हाटीच्या सालीत चिवट धागा असतो. तो सोडवायचा, भट्टीत सुकवायचा, राळेत बसवून गरम दाबाखाली त्याच्या पट्ट्या करायच्या, आणि त्या लाकडी फळीची जागा घेतील का ते तोडून पाहायचं. ऐकायला सोपं आहे. धागे सोडवता सोडवता माझ्या बोटांची सालं निघाली.

या कामात माझ्या हाताशी होते देविदासभाऊ. प्रयोगशाळेचे परिचर, बाळापूरकडचे, निवृत्तीला आलेले. नोकरीपायी अमरावतीत खोली घेऊन राहायचे आणि रविवारी गावी जायचे. पहिल्या पऱ्हाट्या त्यांनीच स्वतःच्या शेतातून बांधून, बसच्या टपावर टाकून आणल्या. टोपी, खिशाला पेन, आणि तोंडानं कधी स्तुती नाही. माझी पहिली पट्टी साच्यातून निघाली तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "पऱ्हाटी चुलीतच बरी होती, मॅडम." मी हसले. पण ते वाक्य मी कुठंतरी ठेवून दिलं.

त्या हिवाळ्यात पट्ट्या अशा काही उतरल्या, की सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला आणि पुन्हा सगळं मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. आकडे खरे होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कशावर तरी विश्वास ठेवला, आणि तोच मला महागात पडला.

चैत्रात आकडे पडायला लागले. तीच राळ, तोच धागा, तोच दाब, तेवढाच वेळ. पट्टी मात्र निम्म्या ताणातच मान टाकायची. तुटलेल्या जागी धागे राळेतून सरळ उपटून आलेले दिसायचे, जसं ओल्या मातीतून गवत उपटून यावं. मी आधी स्वतःवर शंका घेतली. मग राळेच्या डब्यावर. मग यंत्रावर, ते तपासून घेतलं, ठीक निघालं. उरलं कोण? सुकवलेले धागे ठेवायच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्याकडं, दुसरी देविदासभाऊंकडं.

एकदा शंकेनं घरात पाय टाकला की ती भांडी घासून, सडा घालून संसारच मांडते. देविदासभाऊ माझ्या आधी दोन तास येतात, ते कशाला? शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सरांबरोबर ते चहा पितात आणि मी दिसले की हसणं थांबवतात, ते का? या सरांना माझी जागा त्यांच्या यंत्रासाठी हवी होती, हे साऱ्या विभागाला माहीत होतं. चुलीतच बरी, असं ते त्या दिवशी का म्हणाले? मी माझ्या मार्गदर्शकांजवळ बोलले, तर तेही मान हलवत म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय खरं."

मग मी पाळत ठेवली. आज सांगायला लाज वाटते. संध्याकाळी निघताना स्वतःचा एक केस कपाटाच्या दोन्ही दारांवर थुंकीनं चिकटवायचा. सकाळी आले की केस तुटलेला. सलग चार दिवस तुटलेला. धाग्यांच्या जुड्या मी ठेवलेल्या क्रमानं नसायच्या. पुढच्या मागं, मागच्या पुढं. पाचव्या दिवशी मी देविदासभाऊंना टेबलापाशी उभं केलं.

"कपाट कोणी उघडलं होतं?"

"म्याच उघडलं," ते म्हणाले. जरासुद्धा न चाचरता.

"काहून?"

"रोजच उघडतो, मॅडम. सकायी आलो का कूलर लावतो, कपाट उघडतो, जुड्या जराशा पुढं घेतो. हवा लागू देतो तुमच्या मालाले. तुमी यायच्या आधी बंद करून टाकतो."

"कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला?"

"तुमीच तं म्हणे त्या दिशी, का या उनानं सारं खराब होऊन राह्यलं म्हून."

मी असं काही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. आज लख्ख आठवतं. चैत्रात पहिली पट्टी निम्म्यात तुटली त्या दिवशी कपाळावरचा घाम पुसत, कोणाला उद्देशून नव्हे, मी तेच म्हणाले होते. पण तेव्हा मला वाटलं, किती तयारीचं उत्तर आहे हे! सगळं कबूल करायचं आणि वर उपकारही दाखवायचे. मी त्याच दुपारी विभागप्रमुखांना पत्र लिहिलं. परिचर माझ्या गैरहजेरीत कपाट उघडतात, नमुने हलवतात, परिणामी संशोधनाचं नुकसान होत आहे. विचारणा केली असता उडवाउडवीची उत्तरे देतात. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि मला ते आवडलं.

आजही एखादा विद्यार्थी गोंधळून काही सांगू लागला, आणि मला वाटलं की हा थापा मारतोय, की ते वाक्य माझ्या कानात वाजतं. माणूस खरं सांगत असतो तेव्हाही ते कधीकधी थापेसारखंच ऐकू येतं. त्यासाठी यंत्र नाही. असतं तर मी सगळ्यात आधी विकत घेतलं असतं.

देविदासभाऊंची बदली परीक्षा विभागाच्या गोदामात झाली. चौकशी व्हायची होती, तोवर त्यांनी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सांभाळायचे. किल्ली टेबलावर ठेवून ते गेले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि तेही मी पुराव्यातच जमा केलं.

आणि खरंच, ते गेल्यावर आकडे सुधारले! पंधरा दिवस पट्ट्या हिवाळ्यासारख्या उतरल्या. आता आणखी काय हवं होतं? मी विभागात ताठ मानेनं हिंडले. सकाळी लवकर येऊन कूलरच्या टाकीत पाणी भरणारं आता कोणी नव्हतं, आणि प्रयोगशाळा नुसती भाजत असायची, हे मला दिसत होतं. पण ते कामाच्या वहीत लिहावं असं मला वाटलं नाही. तापमान लिहीत होते, दाब लिहीत होते, राळेचं वजन लिहीत होते. हवा कशी आहे, ओली की कोरडी, याचा रकानाच त्या वहीत नव्हता. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात हवा कोरडीच असणार, ते काय लिहायचं? कूलर तर आम्हाला घरातल्या माणसासारखा. त्याच्यावर संशय कोण घेणार!

मग मे महिन्यात ऊन असह्य झालं. हात टेबलाला लावला तर चटका बसायचा. शिपायाकडून पाणी भरून घेऊन मी दिवसभर कूलर लावून, कपाट उघडं टाकून काम करू लागले. आठवड्यात आकडे धाडकन खाली आले. आणि पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? देविदासभाऊंकडं तिसरी किल्ली आहे. मी कुलूप बदललं. आकडे पडतच राहिले. मी बॅग भरली आणि तडक अकोल्याला आईकडं निघून गेले.

आईच्या घरी उन्हाळी कामं चालू होती. गच्चीवर कुरोड्या, म्हणजे गव्हाच्या चिकाच्या कुरडया, वाळून आल्या होत्या. मी एक परात खाली आणली आणि कूलरसमोर मांडी घालून, त्या डब्यात भरायच्या निमित्तानं, गार वाऱ्यात तशीच बसून राहिले. बोलता बोलता तासभर गेला असेल. आई आतून आली आणि ओरडलीच, "अवो बाई, कूलर बंद कर आधी! कुरोड्या सादळून राह्यल्या का नाई?" तिनं परातीतली एक उचलली आणि मोडली. तुटली नाही, वाकली. तिनं ती माझ्या तोंडासमोर धरली. "पाह्य. इतकी शिकली अन् इतकं समजत नाई? कूलरच्या खोलीत कोणी पापड ठेवते काय?"

मी ती कुरोडी हातात घेऊन बघत बसले. आई पुढं बरंच बोलत होती. वऱ्हाडातल्या कोणत्याही घरातली कोणतीही बाई जे जाणते, ते मला माहीत नव्हतं असं नाही. ते मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त ते मी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवलं होतं. भट्टीत सुकवलेला धागा कूलरच्या ओल्या वाऱ्यात ओल पितो. ती ओल राळेला धागा धरू देत नाही. देविदासभाऊंनी मला कारण सांगितलं होतं. अख्खं, क्रमवार, वेळेसकट. मीच त्याला उडवाउडवी म्हटलं होतं.

परत आल्यावर मी एक जुडी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आणि एक कूलरसमोर. तीन दिवसांनी दोन्हींच्या पट्ट्या तोडल्या. शंकेला जागा उरली नाही.

मी सरांकडं गेले. म्हटलं, देविदासभाऊंवरची तक्रार मागं घेते, तसं पत्र आजच देते. सरांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढलं. "संशोधन समितीसमोर तुमचं सादरीकरण जुलैच्या पहिल्या आठवड्यात आहे," ते म्हणाले. "आता असं पत्र दिलंत, तर पहिला प्रश्न येईल की दोन महिने तुम्ही काय मोजत होतात. सादरीकरण होऊ द्या. मग द्या पत्र." त्यांचं काही चूक नव्हतं. देविदासभाऊ जूनच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार होते, हे त्यांना माहीत होतं का, मला आजही सांगता येत नाही. मला माहीत होतं.

मी थांबले. संपूर्ण जून थांबले. गोदामाच्या बाजूचा जिना टाळून दुसऱ्या जिन्यानं जाऊ लागले. एकदा ते मैदानापलीकडून गठ्ठे वाहून नेताना दिसले, तर मी फोन कानाला लावला. पलीकडं कोणीही नव्हतं. आमच्याकडं माणूस निवृत्त झाला की पोर्चमध्ये खुर्च्या मांडतात, शाल-नारळ देतात, सगळे मिळून फोटो काढतात. चौकशी बाकी असलेल्या माणसाचा फोटो कोण काढणार? देविदासभाऊ त्या दिवशी सही करून निघून गेले, असं मी ऐकलं.

सादरीकरण उत्तम झालं. डब्यातल्या जुडीची आणि कूलरसमोरच्या जुडीची तुलना सगळ्यांना फार आवडली. एकानं विचारलं, ही कल्पना सुचली कशी? मी म्हणाले, निरीक्षणातून. पुढं माझ्या प्रबंधातलं तेच प्रकरण नावाजलं गेलं, आणि आज ज्या खुर्चीत मी बसते तिचा एक पाय त्या प्रकरणावर टेकलेला आहे. लोक विचारतात तेव्हा आजही मी निरीक्षणच म्हणते.

सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवशी मी विभागात पत्र दिलं, त्याची शिक्का मारलेली प्रत घेतली आणि बाळापूरला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. देविदासभाऊ ओट्यावर बाजेवर बसले होते. अंगात बनियन, तरी पेन बनियनच्या गळ्याला अडकवलेलं. मला पाहून उठले, खुर्ची आणा म्हणून आत आवाज दिला. त्यांच्या पत्नी खुर्ची घेऊन आल्या आणि चौकटीपाशीच उभ्या राहिल्या. मी बसले नाही. कागद पुढं केला.

त्यांनी तो घेतला नाही. "वाचा," म्हणाले. "मोठ्यानं वाचा. इले ऐकू द्या."

मी वाचलं. एप्रिलमधली तक्रार गैरसमजातून झाली होती, परिचरांकडून कोणताही गैरप्रकार झालेला नाही.

"कोणाच्या गैरसमजातून, ते नाई लिहिलं," ते शांतपणे म्हणाले.

मी त्यांच्याचकडून पेन मागून घेतलं. भिंतीला कागद टेकवून त्या ओळीच्या वर 'माझ्या' असं लिहिलं, खाली पुन्हा सही केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग साध्या बोलण्यात सगळं सांगितलं: कूलर, ओल, धागे, त्यांनी मला खरं कारण सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. सांगताना मला रडू आलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

चौकटीतून त्यांच्या पत्नी पुढं आल्या. "म्हंजे यायनं काईच चोरलं नोतं?"

"नाही हो, काकू. काहीच नाही. चोरीचा तर प्रश्नच नव्हता."

"लॅबमंधून हकाललं म्हून गावात कानावर आलं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, काईतरी आनलंच असंन. हे शेतात गेले का मी धुंडो. कोठी उपसली, माळा पाह्यला, यायची पेटी खालीवर केली..." आणि मग आपण काय बोलतो आहोत हे त्यांना कळलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

देविदासभाऊंनी मान वर केली. माझ्याकडं त्यांनी पाहिलंच नाही. "तूबी?" ते बायकोला म्हणाले.

मी कागद हातात धरून तशीच उभी होते, आणि तो आता कोणाला द्यावा हे मला कळेना.